मीटरवरची कमाई, नोंदीवरची पेन्शन

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने खानदेशाला सुरतेशी जोडलं त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली. अमळनेर, पारोळा, शिरपूर, शिंदखेडा, शहादा, नंदुरबार या भागांतून आलेली हजारो घरं आज सुरतेच्या लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली, पांडेसरा इथे वसली आहेत. कुणी लूम चालवतो, कुणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये आहे, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटात हिशेब लिहितो. घरातली बाई साडीला लेस लावते, टिकल्या चिकटवते. पैसा मीटरवर, नगावर किंवा महिन्यावर येतो. हात चालतो तोवर घर चालतं.

हात थांबल्यावर काय, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे बहुतेक वेळा ‘जास्त बचत करा’ असं दिलं जातं. ते अपुरं आहे. निवृत्तीनंतरचं उत्पन्न किती पैसे टाकले यावर जितकं अवलंबून असतं, तितकंच त्या पैशांची नोंद कशी राहिली यावर असतं. तेवढाच घाम गाळलेल्या दोन भावांपैकी एकाला दरमहा पेन्शन मिळते आणि दुसऱ्याला नाही, याचं कारण अनेकदा कागदात सापडतं. म्हणून पगाराच्या स्लिपपासून सुरुवात करून कराच्या विवरणपत्रापर्यंत हा रस्ता क्रमाने पाहू.

स्लिपवरचे 12 टक्के

20 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, लागू होतो. कामगार ठेकेदाराकडून आलेला असला तरी तो मोजला जातो, आणि ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये धरू. कामगाराच्या पगारातून 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये कापले जातात. मालकही तेवढेच, 1,800 भरतो. पण मालकाचे सगळे पैसे पीएफमध्ये जात नाहीत. त्यातले 8.33 टक्के, म्हणजे सुमारे 1,250 रुपये, कर्मचारी पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 550 पीएफ खात्यात पडतात. म्हणजे पीएफ पासबुकात दरमहा 2,350 रुपये जमा होतात, तर पेन्शनचे 1,250 वेगळ्या रकान्यात दिसतात. ‘मालकाचे पैसे कमी का दिसतात?’ या नेहमीच्या शंकेचं उत्तर या वाटणीत आहे.

पीएफवर 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी 8.25 टक्के व्याज मिळालं. हाच दर कायम राहिला असं धरलं तर दरमहा 2,350 रुपयांचे 24 वर्षांत सुमारे 20 लाख होतात. त्यात टाकलेली रक्कम फक्त 6 लाख 76 हजार आणि उरलेलं सगळं व्याज. अर्थात, मध्येच पैसे काढले नाहीत तर.

पगारात मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त दाखवून पीएफ कमी भरण्याची पद्धत जुनी आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. स्लिप हातात आली की शेवटचा आकडा तर पाहावाच, पण आधी मूळ वेतनाचा पाहावा.

पेन्शन कशी ठरते

पीएफ म्हणजे जमा पैसे आणि त्यावरचं व्याज. पेन्शन योजनेचं गणित वेगळं आहे. 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झालेल्या या योजनेत किती पैसे जमले हे पेन्शन ठरवताना पाहिलंच जात नाही. दोनच गोष्टी पाहतात: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार आणि नोकरीची वर्षं. या दोन्हींचा गुणाकार करून 70 ने भागायचं. पगाराची कमाल मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये आहे. त्याआधी ती 6,500 होती, म्हणून त्या तारखेपूर्वीच्या नोकरीचा हिशेब जुन्या मर्यादेने होतो.

2015 मध्ये लागलेला आणि 24 वर्षं नोकरी करून 58 व्या वर्षी थांबणारा माणूस घ्या. 20 किंवा त्याहून जास्त वर्षं नोकरी झाली की 2 वर्षं जादा धरतात, म्हणून 26. मग 15,000 गुणिले 26 भागिले 70, म्हणजे दरमहा सुमारे 5,571 रुपये. घाई असेल तर 50 व्या वर्षापासून पेन्शन घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी तितक्यांदा 4 टक्के कपात होते. उलट 60 पर्यंत थांबलं तर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. किमान पेन्शन 2014 पासून दरमहा 1,000 रुपये आहे.

या सूत्राला एक अट आहे: किमान 10 वर्षांची नोकरी. सुरतेत माणसाचं नुकसान बहुधा या अटीपाशी होतं. समजा, एकाने पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये 6 वर्षं काढली, मालकाशी बिनसलं, नोकरी सुटली आणि त्याने पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेतले. पुढे सचिन औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात 8 वर्षं झाली. एकूण नोकरी 14 वर्षांची, पण पेन्शन शून्य. कारण पहिली 6 वर्षं त्याने स्वतःच पुसली आणि उरलेली 8 ही 10 पेक्षा कमी. तेच जुनं खातं नव्यात वर्ग केलं असतं, तर 15,000 गुणिले 14 भागिले 70, म्हणजे दरमहा 3,000 रुपये जन्मभर मिळाले असते, आणि त्याच्यामागे पत्नीला त्यातले निम्मे.

म्हणून नोकरी बदलली की पैसे काढायचे नाहीत, वर्ग करायचे. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक, एकच ठेवायचा. मध्ये काही वर्षं पीएफ नसलेलं काम करावं लागलं तर पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यायचं, त्यात नोकरीची वर्षं जपली जातात. लोक फार लवकर पैसे काढतात हे पाहून ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पेन्शनचे पैसे काढण्यासाठीची थांबायची मुदत 2 महिन्यांवरून 36 महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला.

एक अपवाद लक्षात ठेवावा. सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि तेव्हाच 15,000 हून जास्त मूळ पगार असलेला माणूस पेन्शन योजनेत बसत नाही. त्याच्या मालकाचे सगळे 12 टक्के पीएफमध्ये जातात.

लूमवर पीएफ नसेल तर

लहान कारखान्यात मीटरवर काम करणाऱ्याला आणि घरी साडीवर काम करणाऱ्या बाईला वरचा सगळा हिशेब लागू नाही. त्यांच्यासाठी दोन योजना आहेत.

पहिली अटल पेन्शन योजना, 2015 पासूनची. वय 18 ते 40, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं आणि दरमहा ठरलेली रक्कम, एवढंच लागतं. 60 नंतर 1,000 ते 5,000 रुपयांपर्यंतची आधीच निवडलेली पेन्शन मिळते. 5,000 च्या पेन्शनसाठी 18 व्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला 210 रुपये, 30 व्या वर्षी 577, 40 व्या वर्षी 1,454. उशिराची किंमत या तीन आकड्यांतच दिसते. खातेदार गेला तर तीच पेन्शन पती किंवा पत्नीला मिळते आणि दोघांनंतर नामनिर्देशिताला 8.5 लाख रुपये. ऑक्टोबर 2022 पासून आयकर भरणाऱ्याला या योजनेत नवं खातं उघडता येत नाही.

दुसरी श्रमयोगी मानधन योजना. 5 मार्च 2019 ला अहमदाबादच्या वस्त्रालमधून तिची सुरुवात झाली. महिन्याची कमाई 15,000 पर्यंत, वय 18 ते 40, पीएफ किंवा ईएसआयसी (कामगार विमा) नसलेला कामगार यात बसतो. 29 व्या वर्षी आला तर त्याचे दरमहा 100 रुपये आणि सरकारचेही 100. साठीनंतर दरमहा 3,000 रुपये, आणि त्याच्यामागे जोडीदाराला निम्मे.

दोन्ही योजनांची मर्यादा एकच: महागाई वाढली तरी पेन्शन वाढत नाही. आज 5,000 रुपयांत जे येतं ते 30 वर्षांनी येणार नाही. म्हणून या योजनांना आधार समजावं आणि त्यांच्या जोडीला पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं, ठेवावं. वर्षाला किमान 500, कमाल दीड लाख, मुदत 15 वर्षं, आणि एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के व्याज असलेलं हे खातं अनियमित कमाईला सोयीचं आहे, कारण दर महिन्याला ठरावीक हप्त्याची सक्ती नाही. दिवाळीआधी मार्केट तेजीत असताना जास्त टाकावं, मंदीत थांबावं. फक्त पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरावेत, कारण व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात.

पैसे कुठे ठेवले, हेही नोंदीतच येतं. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. जळगावच्या बीएचआर मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकले तेव्हा जादा व्याज आणि सुरक्षित ठेव यांतला फरक खानदेशातल्या हजारो घरांना कळला. मार्केटात ओळखीच्या शेठकडे व्याजाने ठेवलेल्या पैशाला तर ना विमा, ना पासबुक.

कर तीन ठिकाणी

बचतीवरचा कर समजायला एकच प्रश्न पुरतो: सरकार कोणत्या टप्प्यावर हात घालतं? पैसे टाकताना, वाढताना की काढताना?

पीपीएफ आणि मुलीच्या नावचं सुकन्या समृद्धी खातं वाढतानाही करमुक्त आणि काढतानाही. पीएफसुद्धा तसाच, पण सलग 5 वर्षं नोकरी झाली तर. वर्ग केलेल्या जुन्या खात्याची वर्षं त्यात मिळवता येतात. त्याआधी काढला तर रक्कम करपात्र ठरते आणि ती 50,000 किंवा जास्त असेल तर पॅन दिलेला असूनही 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केलेला कर, कापतात. स्वतःचा हप्ता वर्षाला अडीच लाखांहून जास्त असणाऱ्याला वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो, पण तो प्रश्न मोठ्या पगारवाल्यांचा.

बँकेची एफडी वाढतानाच करात येते. 5 वर्षांची एफडी शेवटी मोडली तरी व्याजाचा हिशेब दरवर्षी होतो. शेअर आणि शेअरवर चालणारे म्युच्युअल फंड विकताना करात येतात. 23 जुलै 2024 पासून वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर 20 टक्के, वर्षानंतर विकले तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. सोनं 24 महिन्यांनंतर विकलं तर 12.5 टक्के. पेन्शन हातात येते तेव्हा पगारासारखीच उत्पन्नात धरली जाते.

आता हे सगळं उत्पन्न एकत्र करून पाहायचं. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंत कर नाही, आणि 12 लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर लागणारा कर सवलतीने शून्य होतो. पगार किंवा पेन्शन असेल तर त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट वेगळी. शेअर आणि सोन्याच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला मात्र ही 12 लाखांची सवलत मिळत नाही. यातून एक सरळ निष्कर्ष निघतो. 12 लाखांच्या आत पगार आणि व्याज असलेल्या माणसाने मार्चमध्ये ‘कर वाचवायला’ विमा पॉलिसी घेण्यात अर्थ नाही, कारण वाचवायला करच उरलेला नाही. विमा घ्यावा तो घर उघड्यावर पडू नये म्हणून.

शून्य कर, तरी टीडीएस

आपल्या 24 वर्षं नोकरीवाल्या माणसाकडे परत येऊ. समजा, 58 व्या वर्षी त्याच्या हाती पीएफचे 20 लाख आले. ते करमुक्त आहेत. ते त्याने पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ही योजना साठीनंतरची असली तरी 55 नंतर निवृत्त झालेल्याला, निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून 3 महिन्यांच्या आत, ती उघडता येते. कमाल मर्यादा 30 लाख. एप्रिल 2023 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला आणि 2025 मध्येही तोच होता. सरकार हा दर प्रत्येक तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडताना जो असेल तो पूर्ण 5 वर्षं राहतो.

8.2 टक्क्यांनी 20 लाखांवर वर्षाला 1,64,000 रुपये, म्हणजे तिमाहीला 41,000. पेन्शनचे वर्षाचे सुमारे 66,850. एकूण 2 लाख 31 हजार. 4 लाखांच्या खाली, म्हणून कर शून्य. तरीही पोस्ट 10 टक्के टीडीएस कापू शकतं, म्हणजे 16,400 रुपये. कारण कापणाऱ्याला त्याचं एकूण उत्पन्न माहीत नसतं, त्याला फक्त व्याज दिसतं. 1 एप्रिल 2025 पासून साठीच्या आतल्या माणसाला वर्षाला 50,000 आणि ज्येष्ठाला 1 लाखाच्या वर व्याज गेलं की टीडीएस लागतो.

तो थांबवायला दरवर्षी एप्रिलमध्ये स्वयंघोषणा द्यावी लागते. जुन्या आयकर कायद्यात साठीच्या आत 15जी, साठीनंतर 15एच हे नमुने होते. दोन्हींत एक महत्त्वाचा फरक होता. 15जी साठी व्याजाची एकूण रक्कम मूळ सूट मर्यादेच्या, म्हणजे 4 लाखांच्या आत लागायची. 15एच साठी शेवटी कर शून्य येणं पुरायचं. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, 2025 लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून काउंटरवर चालू असलेला नमुनाच मागून घ्यावा. घोषणा राहून गेली तरी पैसे बुडत नाहीत. विवरणपत्र भरलं की परत मिळतात.

वेगवेगळ्या बँकांत ठेवी वाटून टीडीएस टळतो, कर टळत नाही. प्रत्येक बँक व्याजाची माहिती पॅनवर कळवते आणि ती आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात एकत्र दिसते.

बायकोच्या नावावर, गावाच्या नावावर

स्वतःचे पैसे बायकोच्या नावाने एफडीत ठेवले तर त्या ठेवीचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. अल्पवयीन मुलाच्या नावच्या ठेवीचं व्याजही जास्त कमावणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात येतं. पण लेस-टिकलीच्या कामाचे बाईचे स्वतःचे पैसे तिचेच आणि त्यावरचं व्याजही तिचंच. म्हणून तिची कमाई तिच्या खात्यात पडू द्यावी. तिची नोंद तिथून सुरू होते.

लिंबायतमध्ये वरचा मजला चढवून खोल्या भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेच्या 30 टक्के दुरुस्तीबिरुस्तीसाठी सरसकट वजा मिळतात, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. गावाकडच्या शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण इतर उत्पन्न सूट मर्यादेच्या वर गेलं तर दर ठरवताना ते मिळवतात. शेत विकलं आणि ते ग्रामीण व्याख्येत बसत असेल तर नफ्यावर कर नाही. ही व्याख्या जवळच्या नगरपालिकेच्या लोकसंख्येवर ठरते: 10,000 ते 1 लाख वस्तीच्या हद्दीपासून 2 किलोमीटर, 10 लाखांपर्यंत 6, त्यावर 8, तेही सरळ रेषेत मोजून. तालुक्याच्या गावाला चिकटलेलं शेत विकण्याआधी हे अंतर पाहावं.

कागद जुळवणे

गुजरातेत कारखान्याच्या रजिस्टरात नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ लागतं. आधार गावाकडचं असेल तर त्यावर ते नसतं. पीएफचा दावा अशा फरकावरही अडू शकतो. जन्मतारीख, वडिलांचं नाव, नोकरी सोडल्याची तारीख यांचंही तसंच. यूएएन आधारशी जोडलेला असेल तर यातल्या बऱ्याच दुरुस्त्या ऑनलाइन होतात, पण नोकरी चालू असताना. कारखाना बंद पडल्यावर सही करणारा मालक शोधावा लागतो.

साठीनंतर गावी परतणाऱ्यांना आता एक गोष्ट सोपी झाली आहे. जानेवारी 2025 पासून पीएफची पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते. सुरतेत मंजूर झालेली पेन्शन शिरपूरला मिळण्यासाठी पीएफच्या एका कार्यालयातून दुसऱ्याकडे कागद पाठवावे लागत नाहीत. हयातीचा दाखलाही मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो.

कामगार नोकरीत असताना गेला तर 10 वर्षांची अट लागत नाही. एक महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी पत्नीला पेन्शन सुरू होते, आणि 25 वर्षांखालच्या दोन मुलांना तिच्या पेन्शनच्या 25-25 टक्के वेगळे मिळतात. पीएफशी जोडलेल्या विम्यातून 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. या तिन्ही गोष्टी अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणून पीएफच्या पोर्टलवर पत्नीचं नाव नामनिर्देशनात घालावं, यूएएन, पासबुक आणि ठेवीच्या पावत्या कुठे आहेत ते तिला दाखवावं आणि वर्षातून एकदा तिच्यासोबत बसून पासबुक वाचावं. अर्ज तिला करावा लागला, तर नोंद वाचता येणारं माणूस घरात असेल.